वारं आणि वाफा

अनसूयाबाई महत्त्वाचं काही बोलण्याआधी हात पुसत असत. हात कोरडे असले तरी पदराला पुसत. शब्द ही जणू आपल्या ओंजळीतून समोरच्याच्या ओंजळीत द्यायची चीज, आणि पिठाचा हात लागला तर ती मळेल, अशी काहीतरी त्यांची समजूत असावी. एरवीच्या बोलण्याला मात्र हे सोवळं नव्हतं. ते चुलीतल्या ठिणग्यांसारखं कुठंही उडे आणि कुणालाही चटका देऊन विझून जाई.

लोहगडवाडीत, गडाची चढण सुरू होण्याआधी, रस्त्याच्या डाव्या हाताला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे निळ्या ताडपत्रीखाली सारवलेला ओटा, बाकडी, चूल आणि थंड बाटल्यांचा काचेच्या दाराचा फ्रिज. मी लोणावळ्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होते आणि सुटीच्या सकाळी गड चढायला म्हणून तिथं जात होते. हळूहळू गड मागे पडला आणि त्यांचं बाकडं तेवढं उरलं. काटक्यांचा कडवट धूर, पिठल्यातल्या लसणाचा खरपूस वास आणि धुक्यात भिजलेल्या कातळाचा थंड, लोखंडासारखा दर्प असे तीन वास तिथं एकमेकांत विणलेले असत. आणि त्या विणीतून त्यांचा जाडाभरडा, किंचित घोगरा आवाज येई, "गड कुटं पळून चाललाय व्हय? आधी बसा. खावा."

बुटक्या होत्या. कपाळ रुंद, त्यावर हिरवट गोंदण, आणि डोळे असे की समोरचा माणूस उपाशी आहे की नुसताच चिडलेला, हे त्यांना लांबूनच कळावं. पुण्याहून आलेल्या एका मुलीने एकदा विचारलं, "मावशी, पिठलं फार तिखट आहे का?"

"खाऊन बघ. तिखट लागलं तर ताक हाय, अळनी लागलं तर मी हाय."

दुकानातल्या या जिभेला घराचा उंबरा ओलांडायची मात्र मुभा नव्हती. घरात नवरा बबनभाऊ, धाकटा दीर दत्तू आणि त्याची बायको हिराबाई. काही ठरवायचं झालं की बैठक अंगणात बसे आणि चहा आतून जाई. चहाबरोबर मत पाठवायची रीत त्या घरात नव्हती. अनसूयाबाईंना त्याबद्दल कुरकुरताना मी कधी ऐकलं नाही. एकदाच, राख चाळवत म्हणाल्या होत्या, "माजं कोन आयकतंय, म्याडम? गिऱ्हाईक आयकतं, कारन त्याला भूक असती."

आमची खरी ओळख झाली ती एका थंडीच्या सकाळी. धुकं इतकं दाट होतं की ताडपत्रीच्या कडेवरून थेंब ओघळत होते आणि गडावर निघालेली तरुण मुलं चुलीभोवती हात शेकत बसली होती. अनसूयाबाई भाकरी थापत होत्या आणि थापता थापता एकाएकी थांबल्या. मान लाल झाली, मग कानांच्या पाळ्या, मग गाल. तव्यावरच्या भाकरीला खालून शेक चढत यावा तशी ती लाली चढत आली. कपाळावर घामाचे टपोरे थेंब उभे राहिले. त्या उठल्या, फ्रिजचं दार उघडलं आणि बाटल्यांच्या रांगेत चेहरा घालून उभ्या राहिल्या.

मुलं खिदळली. "मावशी, आत काय हरवलंय?"

"माजं डोस्कं. गावलं की सांगते."

मला हसू आलं नाही. घरच्या फ्रिजसमोर मीही अशीच उभी राहत आले होते. मुलं गडाकडे गेल्यावर मी हलकेच विचारलं, "वाफा येतात का?"

त्यांनी हात पुसले. माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमाला बी?"

त्या दोन शब्दांवर आमची मैत्री उभी राहिली. आणि मग पिठल्याच्या फोडणीवर झाकण ठेवून त्यांनी मला जे सांगितलं, ते ऐकताना मी चहा प्यायलाही विसरले.

आदल्या नवरात्रातली गोष्ट. गावदेवीच्या लहानशा देवळात आरतीला गाव लोटलेलं. समयांची धग, उदबत्त्यांचा धूर, अंगाला अंग घासणारी गर्दी, हलगीचा ठोका छातीवर. अनसूयाबाईंना वाफ आली. शेजारी उभ्या असलेल्या हिराबाईचं मनगट त्यांनी धरलं आणि म्हणाल्या, "हिरे, अंगात आलं गं."

त्यांना म्हणायचं होतं की अंगात ऊन आलं. आपल्या भाषेत अंगात कणकण येते, ताप येतो, आळसही येतो. पण नवरात्रात, देवीपुढे, हलगी घुमत असताना अंगात येणारी गोष्ट एकच असते. हिराबाई ओरडली, "आलं! जाऊबाईंच्या अंगात आलं!" हलगी दुप्पट जोरात वाजू लागली. बायका बाजूला सरल्या, मधे जागा झाली आणि त्या जागेत घामाने निथळणाऱ्या अनसूयाबाई एकट्या उरल्या.

"मान नुसती पेटली व्हती," त्या म्हणाल्या. "मानंला जरा वारं लागावं म्हनून मी आंबाडा सोडला. तर समदी म्हन्ली, वारं आलं! घसा सुकला म्हनून पानी मागितलं, तर त्यांनी माजं पाय धुतलं. प्यायला कुनी थेंब न्हाई दिला."

आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग त्यांचं हसू आपोआप निवलं.

"त्यात दत्तूभावजी म्होरं आलं. हात जोडून. जल्मात कधी माज्यासमोर हात जोडलं न्हाईत त्या मानसानं. म्हन्ले, आई, आमच्या पोरीचं, रेश्माचं, लगीन औंदा उरकू का? आता सांगा म्याडम, ती पोर माज्याच मांडीवर वाडलेली. नर्सिंगला जायाचं म्हनून आठवडाभर जेवली नव्हती. माज्या तोंडातनं आलं, शिकू द्या तिला."

आणि रेश्मा शिकायला तळेगावला गेली. ना वाद, ना बैठक. तेव्हापासून गाव अनसूयाबाईंना देवीचं झाड मानू लागलं. ज्याच्या अंगात येतं त्याला आमच्याकडे झाड म्हणतात. लोक त्यांना कौल विचारू लागले आणि त्या जे सांगत ते पाळलं जाऊ लागलं. नवरा दारू पिऊन मारत असेल तर बाईने माहेरी जावं का, सामाईक विहिरीवर पंपाची पाळी कशी लावावी, असे प्रश्न. उत्तरं त्यांच्या रोजच्याच शहाणपणाची होती, फक्त आता त्यांना घाम फुटलेला असे.

माझ्या डॉक्टरांकडे या वाफांवर औषध आहे, असं मी सांगितलं. "मी खोटं बोलले न्हाई," हात पुसून त्या म्हणाल्या. "ती बोलली का मी बोलले, मला बी कळत न्हाई. पर येक कळतंय. ही वाफ हाय म्हनून मला इचारत्यात. औषध घेतलं, वाफ गेली, तर मंग मला कोन इचारनार?"

फोडणी करपल्याचा वास आला तरी आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. रेश्मासारख्या आणखी किती मुली त्या एका घामावर अवलंबून होत्या, हे त्यांना ठाऊक होतं, आणि आता मलाही.

औषधाकडे त्यांना शेवटी चुलीनेच ढकललं. गडावर गर्दी असलेल्या एका सकाळी पिठल्याचं पातेलं उतरवताना वाफ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पातेलं कलंडलं. पावलावर भाजलं, थोडक्यात निभावलं. मी पुढच्या सुटीला गेले तेव्हा पावलाला फडकं बांधून त्या बाकड्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "देवी आसती तर तिनं मला चुलीपाशी घेरलं नसतं. चूल बी तिचीच हाय न्हवं? चला, कुटं जायाचं त्या तुमच्या डाक्टरकडं."

लोणावळ्यातल्या डॉक्टर मृणाल माझ्या डॉक्टर. कमी बोलणाऱ्या, आणि पेशंटचं बोलणं संपेपर्यंत पेन न उचलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "पाळी कधी थांबली?"

"गेली की. जाताना निरोपसुदिक घेतला न्हाई."

"आणि आता काय होतं?"

"अंगात येतं."

"काय येतं?"

"ऊन येतं. आनि लोकांचं म्हननं, देवी येती."

सगळी हकीकत ऐकून डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "देवीबद्दल मी काही बोलणार नाही, अनसूयाबाई. माझ्याकडे फक्त उन्हाचं औषध आहे." मग त्यांनी समजावलं. बाईच्या शरीरात एक रस वर्षानुवर्षं आपोआप तयार होतो, त्याला हार्मोन म्हणायचं. पाळी जाते तेव्हा तो आटतो आणि शरीराचा थंड-गरमचा काटा भलतीकडे झुकतो. आता अगदी तसंच हार्मोन, कणाकणाने जुळणारं, बाहेर बनवता येतं. ते दंडावर जेलसारखं चोळायचं आणि जोडीला गर्भाशयाच्या रक्षणासाठी झोपताना एक गोळी. "पण हे तारुण्याचं औषध नाही. कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सगळ्यांना चालतही नाही. आधी रक्त, रक्तदाब, छातीची आणि पोटाची तपासणी करायची. मग कमीत कमी मात्रेवर सुरू करायचं, आणि वरचेवर दाखवायला यायचं."

अनसूयाबाईंनी विचार केला. "म्हंजी झरा आपलाच हाय, आटलाय. आनि ह्ये त्याच पान्याचं टँकर."

"टँकरच," डॉक्टर म्हणाल्या. "आणि टँकरचं पाणी जपूनच वापरायचं असतं."

तपासण्या ठीक निघाल्या. जेल सुरू झालं. काही आठवड्यांत अनसूयाबाईंनी मला सांगितलं की सकाळी गोधडी जशी पांघरली तशीच अंगावर असते. "आदी रातभर घेते, टाकते, घेते, टाकते. आमच्या ह्यांना वाटायचं मी गोधडी झटकतीया. आता म्हन्त्यात, घरात शांतता झाली, जरा भ्या वाटतंय."

ती शांतता मोडली बबनभाऊंनी. बबनभाऊ म्हणजे सडपातळ, गोड स्वभावाचा, चहावर जगणारा माणूस. दुकानाच्या बाकड्यावर सकाळपासून बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला गडाचा इतिहास सांगत. तो दर वेळी थोडा निराळा असे. "गडावर शेरडं चढत्यात," अनसूयाबाई म्हणत, "ह्ये चहा चढिवत्यात." तर बबनभाऊंना बायकोचं जेल फडताळात दिसलं. स्पिरिटसारखा वास, अंगाला गार लागतं. त्यांना ते दुखण्यावरचं मलम वाटलं आणि त्यांनी ते दोन्ही गुडघ्यांना चोपडायला सुरुवात केली. जेल लवकर संपतंय, हे लक्षात आलं तेव्हा चोरी उघडकीला आली.

डॉक्टरांसमोर ते मान खाली घालून बसले होते. "मला वाटलं, बाईचा गुडघा न् गड्याचा गुडघा येकच आसंल."

"गुडघा एकच असतो, भाऊ. औषध गुडघ्याचं नव्हतं. हे बायकांचं आहे, पुरुषाने लावायचं नाही. आणखी काही दिवस लावलं असतं तर छाती दुखायला लागली असती."

"आता सासूबाई म्हना मला," अनसूयाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "सून झालाय माजी."

बबनभाऊ मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. घसा खाकरून, डॉक्टरांच्या टेबलाकडे पाहत त्यांनी विचारलं, "गड्यांसाठी बी आस्तं म्हनं. हायवेला बोर्ड लावलाय, पुन्ना तरणं व्हा म्हनून. मला लय थकवा येतो वो."

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की पुरुषांचंही हार्मोन वयाबरोबर उतरतं. बायकांचा झरा आटतो, पुरुषांचा घाट असतो, हळूहळू उतरणारा. ज्यांचं खरोखर फार कमी झालं आहे त्यांना ते देतात, पण रक्त तपासून, बोर्ड वाचून नव्हे. बबनभाऊंचं रक्त तपासलं. हार्मोन वयाला साजेसं होतं, साखर मात्र वाढलेली निघाली.

"तुम्ही तरुणच आहात," डॉक्टर म्हणाल्या, "फक्त गोड झालाय."

त्या दिवसापासून बबनभाऊंचा चहा बिनसाखरेचा झाला आणि गडाच्या इतिहासातल्या लढाया थोड्या कडवट झाल्या.

मग नवरात्र आलं. अनसूयाबाईंनी मला आरतीला बोलावलं होतं. नीट बोलावणं असं नाहीच. "या, तुमी आसलं म्हंजी बरं," इतकंच. देऊळ भरलेलं होतं. झेंडूचा उग्र वास, तेलाच्या ज्योतींची थरथर, हलगीचं चामडं तापून ताठ झालेलं. पुढच्या रांगेत हिराबाईने जाऊसाठी जागा राखली होती. मळवटासाठी कुंकवाची वाटी तयार होती. आरती चढत गेली. हलगी चढत गेली. सगळे डोळे एका कपाळावर येऊन थांबले होते आणि ते रुंद कपाळ कोरडं होतं. एक थेंब नाही. हिरवं गोंदण आणि खाली दोन शांत डोळे.

हलगीवाल्याने पुन्हा एकदा जोर केला. मग त्याचाही हात दमला.

अनसूयाबाई लोकांकडे वळल्या. त्यांना सहज घुमता आलं असतं. अंबाडा सोडायला एक हात पुरला असता, आणि त्यांनी तसं केलं असतं तर मी मनातही त्यांना दोष दिला नसता. त्या म्हणाल्या, "औंदा देवी आली न्हाई. मी आलेय. इचारायचं आसंल ते मला इचारा."

कुणीच काही विचारलं नाही. अनसूयाबाईंचा हात पदराच्या शेवावर घट्ट होत गेला. तेव्हा पुरुषांच्या बाजूने बबनभाऊंचा आवाज आला, "मंग माज्या गुडघ्यांचं काय, ते तर सांग की."

देऊळ हसलं. म्हातारी माणसंही हसली. प्रसाद वाटला गेला, चपला शोधल्या गेल्या, लोक पांगले. पण ते हसू म्हणजे उत्तर नव्हतं. बाहेर पडताना हिराबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गोळ्या खाऊन देवी हाकलली बयेनं."

"हिरे," अनसूयाबाई चप्पल घालता घालता म्हणाल्या, "देवी काय ढेकूण हाय व्हय, औषध मारलं की जायाला?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तेव्हा त्या नेहमीपेक्षा हळू काम करत होत्या. "लय गाढ झोप लागली, म्याडम. पर उठले न् अंगन लय मोटं वाटलं. रिकामं." गोळ्या बंद करायचा विचार आहे का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "अंग माजं हाय. त्याला जाळून कौल द्यायचा, ह्ये काय खरं न्हाई."

थंडीभर त्यांना कोणी काही विचारलं नाही. बैठका अंगणात होत राहिल्या, चहा आतून जात राहिला. अनसूयाबाई दुकानात आणखी मोठ्याने बोलू लागल्या, पोरांना जास्त भाकरी वाढू लागल्या. त्यांची त्वचा निवली होती, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, पावलावरचा भाजल्याचा डाग फिका पडला होता. शरीर असं घरी परतत असताना आणखी काही त्यांच्या हातून निसटतंय, हे पाहणं मला जड जाई. त्या मात्र तक्रार करत नव्हत्या. एकदा तव्याकडे बघत एवढंच म्हणाल्या, "रेश्मा तरी गेली तळेगावला. ती आता काय माघारी याची न्हाई."

पुढे माझी निवृत्ती झाली आणि लोणावळ्याचं घर आवरायचे दिवस आले. निरोप घ्यायला म्हणून एका आडवारी मी लोहगडवाडीला गेले. दुकान बंद होतं, म्हणून घराकडे वळले. अंगणात बैठक बसली होती. दत्तू, बबनभाऊ, देवळातले म्हातारे आबा, आणि उन्हाचा गॉगल कपाळावर ढकललेला पुण्याचा एक गृहस्थ. गडाखालच्या नाचणीच्या वावरात गाड्यांचं पार्किंग करायचं का, असा प्रश्न होता. पाहुण्याला घाई होती. तो पुन्हापुन्हा म्हणत होता, "मग फायनल ना?" दत्तू उत्तर द्यायच्या ऐवजी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. मग त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"वैनी, जरा हिकडं या. तुमचं काय म्हननं हाय?"

पाहुणा गोंधळला. "वहिनींना काय विचारायचंय यात?"

आबांनी तंबाखूची चिमूट तळहातावर चोळली. "मागं देवीनं जे जे सांगितलं ते ब्येस झालं, साहेब. आता देवी न्हाई येत. पर तोंड तर त्येच हाय."

मी ओट्यापाशी उभी होते. आतून आवाज आला, ठिणगीचा नव्हे, सावकाश.

"थांबा. भाकरी तव्यावर हाय."

आणि माणसं थांबली. पाहुण्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, दत्तूने पाहिलं नाही. बबनभाऊंनी बिनसाखरेचा चहा एका घोटात संपवला. अंगणात ऊन उतरत होतं, आणि आतून नाचणीच्या भाकरीचा भाजका वास येत होता. भाकरी पलटल्याचा आवाज आला. मग ती निखाऱ्यावर टेकवल्याचा. आत कुणालाही घाई नव्हती. मी आत न जाता, हाक न मारता, रस्त्याकडे वळले. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा त्या चौघांच्या माना अजून दाराकडेच होत्या.